छत्तीस गाद्या, चाळीस सेंटिमीटर

विकत घेतलेली वस्तू परत करण्यात काही कमीपणा नाही, असं मला आमच्या नारिन गावातल्या निदान चाळीस माणसांनी येऊन सांगितलं. ज्या गोष्टीत खरोखरच कमीपणा नसतो ती सांगायला चाळीस माणसं जिने चढून येत नाहीत, एवढं कळण्याइतका मी शिकलेला आहे. चोवीस वर्षं शाळेत भूगोल शिकवतो. गावात मला सगळे 'जेक्शेन आगाय' म्हणतात. आगाय म्हणजे गुरुजी. त्या एका आठवड्यात मात्र माझं नाव 'कपाटवाले आगाय' पडलं आणि ते अजून पुरतं पुसलं गेलेलं नाही.

कपाट घ्यायचं ठरलं ते आमच्या मुलीच्या, झीनातच्या लग्नामुळे. लग्न ठरलं होतं; तारीख ठरली नव्हती. उन्हाळ्यात कोचकोरचे लोक येऊन तिच्या कानात कुंडलं घालून गेले, मटण झालं, भाषणं झाली, आणि तारखेचं काय म्हटल्यावर व्याही म्हणाले, "बघू. आधी तुमचं घर नीट बघू दे." ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते यायचे होते.

आमचे व्याही तुर्दाकुन हे पशुवैद्यक खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी घोड्यांचे दात तपासले, आणि ती नजर काही निवृत्त झाली नाही. माझ्या वरच्या जबड्यात दोन दाढा कमी आहेत, म्हणून कुंडलांच्या दिवशी मी हसलोच नाही. त्यावरून मी फार गंभीर माणूस आहे असा त्यांचा समज झाला, आणि तो टिकवण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

माझी बायको सोनुन. तिने मुलीला द्यायला सहा वर्षांत छत्तीस गाद्या शिवल्या होत्या. लाल मखमल, निळी मखमल, कडेला नक्षी, आत मेंढीची लोकर. रिवाजाप्रमाणे त्या आजेसासूच्या पेटीवर एकावर एक रचून ठेवलेल्या. चळत जमिनीपासून निघून छताला टेकत होती. मला ती आवडायची. खोलीत डोंगर असला की भूगोलाच्या माणसाला बरं वाटतं. पण एके दिवशी सोनुन म्हणाली, "हल्ली शहरात गाद्या अशा उघड्या कोण ठेवतं? कपाटात ठेवतात. विहीणबाई काय म्हणतील? खेडवळ म्हणतील."

"विहीणबाई कोचकोरच्या आहेत," मी म्हणालो, "तिथे रस्त्यावरून गाढव गेलं तर लोक ट्रॅफिक वाढलं म्हणतात."

"त्यांच्याकडे वॉशिंग मशीन आहे," सोनुन म्हणाली. विषय संपला.

वरच्या मजल्यावर कासिमाली अबा राहतात. बस डेपोत फिटर होते, आता पंचाहत्तरीचे आहेत, आणि आमच्या इमारतीत कुठेही खिळा पडला तरी त्यांना वर ऐकू येतं. ते म्हणाले, "मी करून देतो. खरं अक्रोडाचं लाकूड. हिवाळ्यापर्यंत."

"कुठल्या हिवाळ्यापर्यंत?" मी नुसतं विचारलं. अबा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. म्हणून मग सोनुनने फोनवर शोधून राजधानीतल्या, बिश्केकच्या एका दुकानातून कपाट मागवलं. दुकान आमच्यापासून तीनशे किलोमीटर लांब. नाव घेत नाही. माझं आणि त्यांचं आता मिटलेलं आहे.

मागवण्याआधी दुकानातल्या मुलीने फोनवर विचारलं, "सगळी मापं घेतलीत ना? उंची, रुंदी, खोली?"

"खोलीच आधी मोजली," मी म्हणालो. आणि खरंच मोजली होती. चार मीटर बाय साडेतीन. कपाटाची खोली विचारतायत हे माझ्या डोक्यात कुठून येणार? मी नकाशावाला माणूस. नकाशाला लांबी असते, रुंदी असते, खोली नसते.

कपाट आलं ते बस स्टँडवर, एका सपाट, लांबलचक खोक्यात. आत तेवीस फळ्या, स्क्रूंच्या चार पिशव्या, एक वाकडी किल्ली, आणि एक पुस्तिका. पुस्तिकेत एक शब्द नाही. नुसती चित्रं, आणि त्या चित्रांतून एक टकलू माणूस हसत हसत कपाट जोडतोय. त्याच्या घरात बायको नाही, शेजारी नाहीत, पार्श्वभूमीला कुणी सल्ला देत नाही. हसेल नाही तर काय.

मी पहिल्या पानावर असतानाच कासिमाली अबा हातोडी घेऊन आत आले. म्हणाले, "राग विसरलो. पण हे स्क्रू पोरखेळ आहेत, सांगून ठेवतो." त्यांच्या मागून तळमजल्याच्या बुरमा एजे, म्हणजे बुरमाताई, आल्या. त्या कपाट बघायला नव्हत्या आल्या, खोकं बघायला आल्या होत्या. "तुला हे लागणार नाही ना?" असं म्हणून त्यांनी माझ्या उत्तराची वाट न बघता ते ओढत जिन्यावरून खाली नेलं. एजेंनी बाल्कनीत तीस पिल्लं काढली होती. ऑक्टोबरात पिल्लं काढू नयेत हे कोंबड्यांना कळतं. एजेंना कोण सांगणार?

संध्याकाळपर्यंत कपाट उभं राहिलं. दारं आधी उलटी बसली, मग दोन्ही एकाच बाजूची बसली, मग बरोबर बसली. मी हात धुवायला गेलो तेवढ्यात अबांनी मागच्या बाजूने सात खिळे ठोकले. "विमा," ते म्हणाले.

सोनुनने पहिली गादी आणली. आत ठेवली. अर्धी आत गेली, अर्धी बाहेर राहिली. आडवी घातली, तिरकी घातली, दुमडून घातली. गादी दुमडल्यावर सत्तर सेंटिमीटरची. कपाट आतून चाळीस. शेवटी अबांनी, मी आणि सोनुनने मिळून पाच गाद्या गच्च कोंबल्या, दार पाठीने रेटलं आणि कडी लावली. आम्ही चहाला बसलो. पहिला घोट घेतला असेल-नसेल, कडी तटकन उडाली आणि कपाटाने पाचही गाद्या थुंकून टाकल्या. एक अबांच्या डोक्यावर पडली. गादीखालून आवाज आला, "मी अक्रोडाचं म्हणत होतो."

सोनुनने रविवारपर्यंतचे दिवस बोटांवर मोजले.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. मुख्याध्यापक म्हणाले, गाद्या पातळ करा. बुरमा एजे म्हणाल्या, कपाटाची मागची बाजू काढा आणि भिंत फोडा, पलीकडे जिनाच तर आहे. अबांचं म्हणणं, दारंच काढून टाका, मग ते फडताळ होतं, आणि फडताळाला कुणी हसत नाही. मी दुकानाला फोन लावला.

"चौदा दिवसांत परत घेतो," मुलगी गोड आवाजात म्हणाली. "सुटं केलेलं हवं, मूळ खोक्यात हवं, आणि ज्यांच्या कार्डावरून खरेदी झाली त्यांनी स्वतः यायला हवं."

"कार्ड बायकोचं आहे. ती येऊ शकत नाही. घरी व्याही येणार आहेत."

"मग नोटरीकडून मुखत्यारपत्र आणा."

खरेदीपासून बारावा दिवस चालू होता.

नोटरीबाई माझ्याच शाळेसमोर बसतात. त्यांनी सोनुनला विचारलं, "नवऱ्याला अधिकार द्यायचेत? कोणते? घर विकणे, जमीन, बँक?"

"एक कपाट," सोनुन म्हणाली.

"बाकी काही नाही?"

"बाकी काही नाही."

त्यांनी मोठ्याने वाचत टाइप केलं: 'सदर पती यास फक्त एका कपाटापुरते, आणि तेही शुक्रवारपर्यंत, माझ्या वतीने वागण्याचा अधिकार राहील.' रांगेत माझ्या नववीच्या दोन मुलींच्या आया होत्या. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याचा अधिकार किती उरतो हे शिक्क्यासकट लिहून मिळालेला मी गावातला पहिलाच माणूस असेन.

मग खोकं. बुरमा एजेंच्या बाल्कनीत त्यात तीस पिल्लं नांदत होती.

"तेवढंच मोठं दुसरं दे, हे घेऊन जा," एजे म्हणाल्या.

"एजे, तेवढं मोठं खोकं मी कुठून आणू?"

"ते मी कशाला सांगू? शिकलेला तू आहेस."

शेवटी मी माझं पुस्तकांचं फडताळ खाली नेऊन दिलं. पुस्तकं गाद्यांच्या ढिगाशेजारी ठेवली. पिल्लं आता जिथे राहतात तिथे पूर्वी मध्य आशियाच्या सगळ्या पर्वतरांगा होत्या. खोकं झाडलं, पुसलं, अत्तर मारलं. त्याला अत्तर लावलेल्या कोंबडीसारखा वास येऊ लागला.

कपाट सुटं करताना अबांचा विमा आडवा आला. सात खिळे उपटले तर मागे सात भोकं. मी डोकं धरून बसलो. अबा म्हणाले, "त्यात काय," आणि आमच्याच परातीतलं मळलेलं पीठ घेऊन, त्यात दाट चहा कालवून, बोटाने एकेक भोक असं बुजवलं की मलासुद्धा दिसेना. "डेपोत याच रीतीने मी एक बस अकरा वर्षं चालवली," ते म्हणाले. त्या बसने मी कॉलेजला जायचो.

गुरुवारी सकाळी अबांच्या ओळखीचा एक ट्रक मेंढ्या घेऊन बिश्केकच्या वाटेवरच्या तोकमोकच्या बाजाराकडे निघाला होता. खोकं मेंढ्यांमध्ये आडवं ठेवलं, मी ड्रायव्हरशेजारी बसलो. दोलोन घाटात बर्फ भुरभुरत होतं. मागे मेंढ्यांनी खोक्याचा एक कोपरा चाखून पाहिला. माझ्या मनात एकच हिशेब चालू होता: बिश्केक गाठायचं, कपाट टाकायचं, शनिवारी घरी यायचं, आणि रविवारी तोंड मिटून गंभीर बसायचं. व्याह्यांना यातलं काही कळायचं कारण नव्हतं.

कोचकोरला ड्रायव्हर चहाला थांबला. मी उतरलो. चहाच्या टपरीसमोर, उंच पांढरी टोपी घालून, हात पाठीमागे बांधून, आमचे व्याही तुर्दाकुन ट्रकमधल्या मेंढ्यांचे दात बघत उभे होते.

"अरे! कुदा!" ते म्हणाले. कुदा म्हणजे व्याही. व्याही व्याह्याला हीच हाक मारतो. "तुम्ही इकडे कुठे?"

"सहज," मी म्हणालो. तीनशे किलोमीटर, मेंढ्यांबरोबर, सहज.

त्यांची नजर मेंढ्यांवरून खोक्यावर गेली. "हे काय?"

आता इथे मी खरं बोलायला हवं होतं. पण व्याह्यांच्या डोळ्यांत ती दात तपासायची नजर होती, आणि माझ्या खिशात फक्त कपाटापुरता अधिकार असलेला कागद होता. माणूस अशा वेळी जे सगळ्यात जवळ असेल ते उचलतो. मी म्हणालो, "भेट आहे. मुलांसाठी. कपाट."

तुर्दाकुननी टोपी काढली. तीस वर्षांत ती त्यांनी फक्त दफनाच्या वेळी काढली असेल. "कुदा," ते म्हणाले, "मी तुम्हाला ओळखलं नव्हतं. मला वाटलं होतं, माणूस जरा हाताचा आखडता आहे."

"नाही नाही."

"पण मग हे पुढे बिश्केकच्या रस्त्याने कुठे नेताय? मुलं तर इथे, आमच्याकडे राहणार! ए ड्रायव्हर, उतरव!"

"त्याचं असं आहे..."

"उतरव म्हणतो ना!"

ड्रायव्हरने उतरवलं. त्याला बाजार गाठायचा होता. मला बाजूला घेऊन विचारायला त्याच्याकडे वेळ नव्हता. ट्रक गेला. मेंढ्या माझ्याकडे बघत गेल्या. मी, व्याही आणि ते कुरतडलेलं खोकं रस्त्यावर उरलो.

पुढच्या दहा मिनिटांत ते खोकं व्याह्यांच्या घरी पोचलं. विहीणबाईंनी हात पुसत पुसत येऊन मला आशीर्वाद दिले, भिंतीवरचा गालिचा काढायला घेतला, आणि शेजारणीला भिंतीवरून ओरडून सांगितलं, "नारिनहून कपाट आलंय! स्वतः घेऊन आले!" माझ्यासमोर साय, मध, जाम, कणकेचे तळलेले गरम बोर्सोक असं सगळं आलं. इकडे बाई भिंतीवर खडूने रेघ मारत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर सोनुन. आणि तिच्या मागे छत्तीस गाद्या. त्याच गाद्या लग्नात याच घरी येणार होत्या, आणि यांच्यासमोर हेच कपाट त्या थुंकणार होतं.

मी कप खाली ठेवला. म्हणालो, "कुदा, मी खोटं बोललो."

विहीणबाईंचा खडू थांबला.

मग मी सगळं सांगितलं. गाद्या, चाळीस सेंटिमीटर, पिल्लं, खिळे, पीठ, नोटरी. मुखत्यारपत्र काढून दाखवलंसुद्धा. तुर्दाकुननी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. माझ्या डोक्यात एकच: गेलं. लग्न गेलं. पोरीला काय सांगू? तुझं लग्न एका कपाटापायी मोडलं?

"गाद्या किती म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"छत्तीस."

"सोनुन खातूननी स्वतः शिवल्या?"

"हाताने."

"आणि तुम्ही सगळी खोली मोजली, फक्त कपाटाची खोली तेवढी मोजली नाहीत."

"नाही मोजली."

त्यांनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा आधी ताणला गेला, मग थरथरला, आणि मग त्या घराने बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असेल असं ते हसले. विहीणबाई दचकून बोर्सोकच्या ताटावर बसता बसता राहिल्या. "फक्त कपाटापुरते!" त्यांना श्वास पुरेना. "तेही शुक्रवारपर्यंत! कुदा, माझ्या बायकोने मला एवढाही दिलेला नाही!"

त्यांच्याबरोबर मीही हसलो. तोंड उघडून. दाढांचं मग लक्षात आलं. त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "वरच्या दोन. मला उन्हाळ्यातच शंका आली होती. चहा संपवा. मी गाडी काढतो."

त्यांचा छोटा मालट्रक होता. वाटेत बालिक्चीला त्यांनी धुरावर भाजलेले दोन मासे घेतले, आणि आम्ही दुपारी बिश्केकच्या त्या दुकानात पोचलो तेव्हा आमच्या दोघांना, खोक्याला आणि कागदपत्रांना मिळून जो वास येत होता त्यामुळे दारावरच्या रखवालदाराने आम्हाला वाट करून दिली.

परतीच्या खिडकीत चीनारा नावाची मुलगी होती. फोनवरचा गोड आवाज तो हाच. तिने कागद बघितले, शिक्के बघितले, मग खोकं उघडून यादीबरोबर फळ्या मोजू लागली. "एक, दोन, तीन..." सातव्या फळीपाशी खोक्यातून आवाज आला. चिव.

चीनारा थांबली. तिने आठवी फळी उचलली. खाली एक पिवळं पिल्लू उभं होतं. चोचीला पीठ लागलेलं.

तिने यादी वरपासून खालपर्यंत वाचली. "आगाय," ती म्हणाली, "हे आमच्याकडून गेलेलं नाही."

तुर्दाकुननी पिल्लू हातात घेतलं, उलटं केलं, पोट चाचपलं. "मादी आहे," त्यांनी तिला सांगितलं. "तब्येत उत्तम. पोटभर जेवलेली."

काय जेवली होती ते मागची फळी उचलल्यावर कळलं. अबांनी चहात कालवून बसवलेलं पीठ तिने एकूण एक टिपलं होतं. सात भोकं, आरपार, स्वच्छ, एका ओळीत.

मॅनेजर आला. कोट घातलेला, माझ्या निम्म्या वयाचा. भोकातून त्याने आधी एका डोळ्याने पाहिलं, मग दुसऱ्या. पलीकडे मी होतो. "हे परत घेता येणार नाही," तो म्हणाला. "लाकडाला इजा झालीय."

माझे खांदे पडले. तुर्दाकुन मात्र पुढे झाले. आवाज चढवला नाही. त्यांनी फळी बोटाने वाजवली, कड हुंगली आणि म्हणाले, "बेटा, हे कुठलं लाकूड?"

"म्हणजे... लाकूड असं नाही. दाबलेला भुसा असतो. वरून कागद."

"भुसा."

"हो, पण उत्तम दर्जाचा."

"मग विकताना भुसा, आणि परत घेताना लाकूड?" ते म्हणाले. "मी तीस वर्षं बाजारात जनावरं पास केली. एकदा एकाने मला गाढव दाखवलं. त्याच्या गळ्यात घोड्याची घंटा होती. मी घंटेची किंमत केली नाही बघ."

मॅनेजरला यातलं किती कळलं कोण जाणे. पण रांगेतल्या बायका हसल्या, आणि तुमच्या दुकानात रांगेतल्या बायका हसू लागल्या की वाद आवरता घ्यावा हे त्याला कळत होतं. शिवाय पिल्लू एव्हाना त्याच्या बुटाच्या नाडीशी लागलं होतं. "मागची फळी तशीही बदलता येते," तो म्हणाला. "चीनारा, घे अर्ज."

अर्जात परतीचं कारण लिहायचं होतं. मी लिहिलं, 'गाद्या मावत नाहीत.'

"आमच्या कारणांच्या यादीत गाद्या नाहीत," चीनारा म्हणाली. "रंग, आकार किंवा शैली."

"शैली," तुर्दाकुन म्हणाले.

"आकार," मी म्हणालो.

आकार लिहिलं. मग शिक्का मारणारा जेवायला गेला होता. तो आला तेव्हा कॅशियर गेली. मी खिडकीशी उभा. हलायची सोय नव्हती, कारण अधिकार माझ्या एकट्याकडे होता. तुर्दाकुन म्हणाले, "मी जरा बघून येतो," आणि दुकानात शिरले.

दीड तासाने माझं काम झालं. पैसे परत सोनुनच्या कार्डावर जाणार होते. मी शेवटची सही केली आणि पेन खाली ठेवायच्या आत फोन वाजला. "पैसे आले!" सोनुन ओरडली. मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही बरे आहात ना?" नेमक्या याच क्रमाने.

मी व्याह्यांना शोधू लागलो. दिवे झाले, पलंग झाले, स्वयंपाकघरं झाली. शेवटी खुर्च्यांच्या दालनात माणसं जमलेली दिसली. मधोमध एका मोठ्या, काळ्या, गरागरा फिरणाऱ्या खुर्चीत तुर्दाकुन झोपले होते. पाय लांब, टोपी डोळ्यांवर, मांडीवर पिल्लू. एक बाई टोपीला किमतीची चिठ्ठी आहे का ते वाकून बघत होती. तिचा नवरा म्हणत होता, "टोपी खुर्चीबरोबरच येते का विचार."

"कुदा," मी हळूच हाक मारली. "कुदा, झालं काम."

ते उठले. त्यांनी गर्दी पाहिली, बाई पाहिली, मला पाहिलं. इतक्या वर्षांत कुणी त्यांना घोरताना पकडलं नसावं. "मी झोपलो नव्हतो," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "तपासत होतो."

"घेणार आहात का?" विक्रेता म्हणाला. "तासभर बसला होतात."

सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा मला फार ओळखीचा वाटला. सकाळी चहाच्या टपरीसमोर मी स्वतःला आरशात पाहिलं असतं तर असाच दिसलो असतो.

"अर्थात घेणार," तुर्दाकुन म्हणाले. "नाहीतर तपासली कशाला?"

खुर्ची आणून दिली ती अर्थातच सपाट खोक्यात.

रात्री मी कोचकोरलाच राहिलो. सकाळी उन्हात, अंगणात, आम्ही खोकं उघडलं. पाच पाय, एक दांडा, दोन हात, स्क्रूंची पिशवी, आणि तोच टकलू माणूस. विहीणबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "कपाट परत करायला गेला होतात ना? मग खुर्ची कुठून आली?" तुर्दाकुन पुस्तिकेत डोकं घालून बसले. मी मुत्सद्दीपणाने खुर्चीचे पाय पुसत राहिलो.

कोचकोरमध्येही शेजारी असतात. पहिला आला तो म्हणाला, दांडा उलटा आहे. दुसरा म्हणाला, दांडा बरोबर आहे, खुर्ची उलटी आहे. तिसऱ्याने येतानाच हातोडी आणली होती; त्याला मी हात जोडून फाटकाबाहेर नेऊन सोडलं. दोन तास आम्ही दोघं गुडघ्यांवर होतो. व्याह्यांची टोपी गवतात पडली होती, माझ्या कोटाला ग्रीस लागलं होतं. कधीतरी मधेच ते म्हणाले, "अरे, तो बारका स्क्रू दे," आणि मी दिला. स्क्रू बसवल्यावर माझ्या लक्षात आलं की ते मला 'अरे' म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की पुढचा स्क्रू मी चुकीचा दिला.

खुर्ची उभी राहिली. चांगली दिसत होती. तुर्दाकुननी टोपी झटकून घातली, हात पाठीमागे बांधून तिच्याभोवती एक फेरी मारली, आणि बसले. मी त्यांना थोडा धक्का दिला. खुर्ची डावीकडे फिरली. मग मी उजवीकडे धक्का दिला. ती हलली नाही. आम्ही पुस्तिका उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली. खुर्ची फक्त डावीकडे फिरायची.

"दुकान चौदा दिवसांत परत घेतं," मी म्हणालो.

"नको," तुर्दाकुन म्हणाले. त्यांनी पायाने जमीन रेटली आणि पुन्हा एक फेरी घेतली. डावीकडून डोंगर आले, मग तबेला, मग दारात कमरेवर हात ठेवलेल्या विहीणबाई, मग मी. "आपल्याला सगळं दिसतंय की. जरा लांबून येतं, एवढंच."

विहीणबाई म्हणाल्या, "रविवारी नारिनला जायचंय, आठवतंय ना? तारीख ठरवायला?"

"रविवारी गाद्यांवर बसून जेवायला जायचंय," ते फिरता फिरता म्हणाले. खुर्ची तबेल्याकडे गेली. "ती चळत तशीच राहू दे म्हणावं, छतापर्यंत." डोंगराकडे गेली. "तारखेचं काय..." त्यांची पाठ माझ्याकडे झाली आणि मी श्वास रोखून उभा राहिलो. ते हळूहळू घर, फाटक, शेजारी सगळं ओलांडून पुन्हा माझ्यासमोर आले, पाय टेकून थांबले आणि म्हणाले, "मार्चमध्ये, नवरुझच्या आधीचा शनिवार कसा वाटतो, अरे जेक्शेन?"

मला चांगला वाटला. मी तोंडभर हसलो.